ऑफिसच्या पीसीवरची फाइल दापोलीत कशी मागवू? फायरवॉल आडवी, हाताशी फक्त ईमेल

जमाखर्च | ५ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी पुण्यात सदाशिव पेठेत कर सल्लागाराचं काम करते. सीए नाही. विवरणपत्रं, जीएसटी, छोट्या दुकानदारांचे हिशेब, एवढंच. ऑफिस म्हणजे एका मोठ्या फर्मच्या मजल्यावर भाड्याने घेतलेली केबिन. इंटरनेट त्यांचं, फायरवॉल त्यांची, ती सांभाळणारा माणूसही त्यांचाच. माझ्या पीसीच्या डी ड्राइव्हवर 'अशील' नावाचा शेअर्ड फोल्डर आहे, त्यात चारशेच्या आसपास उपफोल्डर. माझी सहायक शेजारच्या टेबलावरून तोच फोल्डर उघडते. मजल्याच्या आत सगळं छान चालतं.

मे अखेरीस आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुण्याला यायला तयार नाही, त्यामुळे दापोलीजवळच्या गावी मीच येऊन बसले आहे. तिकडे विवरणपत्रांची ३१ जुलै तोंडावर. रोज चार तरी फोन असतात, "मॅडम, मागच्या वर्षीचा फॉर्म १६ तुमच्याकडेच राहिला होता ना?" असतो माझ्याकडेच. पण मी इथे आणि तो तिथे. सहायक दुपारी २ पर्यंत असते, तिची मुलं लहान आहेत, रात्री नऊला तिला फोन करायचा नाही हे मी ठरवून घेतलं आहे.

काय काय करून पाहिलं ते सांगते. पीसीचा स्क्रीन मोबाइलवर दाखवणारी दोन ॲपं टाकली, फायरवॉलने दोन्ही अडवली. ती चालली असती तरी उपयोग नव्हता, कारण इथे रेंज म्हणजे पडवीच्या डाव्या कोपऱ्यात एक काडी, पाऊस आला की तीही जाते. सगळं गूगल ड्राइव्हवर चढव असं मुलगा म्हणतो. चौदा वर्षांचे कागद आहेत, ३८ जीबी भरतात, फुकटात मिळतात १५. आणि लोकांची आधार, पॅन, बँकेची पासबुकं एकगठ्ठा तिसऱ्याच्या गोदामात ठेवायला माझं मन घेत नाही.

एक गोष्ट मात्र इथे चालते. ईमेल. पाठवा म्हणायचं, फोन खिडकीत ठेवायचा आणि भात लावायला जायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कधीतरी जातं.

तर प्रश्न असा. मी ऑफिसच्या पीसीला मेल करावं, 'अमक्याची फाइल दे', आणि पीसीने ती मेलने परत पाठवावी. असं काही असतं का? की मी येड्यासारखं काहीतरी विचारते आहे?


तारेवरचा कावळा | ५ जुलै, रात्री ११:२०

येड्यासारखं अजिबात नाही, ताई. नेटवर्कवाल्यांनी हे पूर्वीपासून केलेलं आहे, आता फॅशन गेली इतकंच.

आधी एक काम करू नका. त्या फायरवॉलवाल्याकडे "शेअर्ड फोल्डरसाठी पोर्ट उघडून दे" अशी गळ घालू नका. विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच दारातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, लोकांनी टाकली नव्हती. शहाणा ॲडमिन ४४५ बाहेर उघडत नाही, आणि तुमचा माणूस शहाणा दिसतोय.

आता मेलनेच का जमेल ते. सोसायटीचा वॉचमन बाहेरून येणाऱ्याला अडवतो, नाव-गाव विचारतो. पण आतला माणूस दूध आणायला निघाला तर त्याला कोणी अडवत नाही, आणि तो पिशवी घेऊन परत आला तरी नाही. फायरवॉल बहुतेक ठिकाणी तशीच लावलेली असते. तुम्ही दापोलीहून पीसीकडे जायला बघता, म्हणून अडता. पीसीलाच दर पाच मिनिटांनी बाहेर पाठवा. तो मेलपेटी उघडेल (आयमॅप, पोर्ट ९९३), तुमची चिठ्ठी आहे का बघेल, असली तर फाइल जोडून पाठवून देईल (एसएमटीपी, ५८७ किंवा ४६५). पीसीवर साधं जीमेल चालत असेल तर बाहेरचा रस्ता उघडा आहे, पण ९९३ आणि ५८७ वेगळे तपासा. काही ठिकाणी फक्त ब्राउझरपुरतं सोडलेलं असतं.

फायरवॉल तुमची स्वतःची असती आणि रेंज धड असती, तर मी टेलस्केल किंवा वायरगार्ड टाका म्हटलं असतं, म्हणजे फोन आणि पीसी यांच्यात खाजगी बोगदा. फोल्डर जसाच्या तसा फोनवर दिसला असता. तुमच्याकडे दोन्ही नाही.


निवृत्त मॉडेम | ६ जुलै, सकाळी ६:१५

अहो, 'फॅशन गेली' म्हणू नका, आमचं तारुण्य गेलं त्यात.

१९९३ च्या सुमारास मी पुण्यात एका संस्थेत होतो. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, त्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे फक्त मेल होतं, तेही दिवसातून ठरावीक वेळा फोन लावून उचललं जाणारं. इथून मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत, तिथून पुढे जगात. एफटीपी (दुसऱ्या यंत्रावरून फाइल थेट उतरवायची सोय) नाही, वेब नाही. मग अमेरिकेतल्या सर्व्हरवरचा एखादा प्रोग्रॅम हवा असला तर? पालो आल्टोमध्ये डेक या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत एफटीपीमेल नावाची सोय होती. तिला पत्र लिहायचं. पहिल्या ओळीत 'कनेक्ट' आणि सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, मग 'गेट' आणि फाइलचं नाव, शेवटी 'क्विट'. ते यंत्र आपल्या वतीने जाऊन फाइल आणायचं, तुकडे करायचं आणि तुकडा तुकडा मेलने पाठवायचं. दोन दिवसांनी, कधी पाच दिवसांनी.

फाइल मेलमधून जावी म्हणून तिचं अक्षरांत रूपांतर केलेलं असे, यूयूएनकोड म्हणत. सुरुवातीला 'बिगिन ६४४' आणि मग ओळींमागून ओळी अगम्य अक्षरं, प्रत्येक पूर्ण ओळीचं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल 'एम'. एकदा सतरा तुकड्यांपैकी अकरावा आलाच नाही. पुन्हा मागवला, तर सतराच्या सतरा पुन्हा आले, अकरावा सोडून. तिसऱ्या वेळी आला. तोपर्यंत मला तो प्रोग्रॅम कशाला हवा होता तेच विसरलो होतो.

जमाखर्चबाई, तुमच्या उपयोगाचं त्यातलं एवढंच. तीन बाइटांची चार अक्षरं होत, म्हणजे फाइल एकतृतीयांशाहून थोडी जास्तच फुगे. आजही मेलची जोडपत्रं बेस६४ मध्ये जातात, हिशेब तोच. जीमेलची मर्यादा २५ एमबीची. फुगवट्याला जागा सोडून तुमची मूळ फाइल १८ एमबीच्या आत ठेवा.


शंकेखोर | ६ जुलै, सकाळी ९:०३

सगळे कसं करायचं ते सांगताहेत. करावं का, हे कोणीच विचारत नाहीये.

फायरवॉल दुसऱ्याची आहे. त्यांनी रिमोटची ॲपं बंद केली आहेत, ती काही गंमत म्हणून नव्हे. तुम्ही मेलच्या आडून तेच करणार. उद्या काही झालं, तर "मी फक्त मेल वापरत होते" हे त्यांना पटेल? त्या ॲडमिनला विचारा. सरळ.

दुसरं. मेलवर 'पाठवणारा' म्हणून जे नाव दिसतं ते पाकिटाच्या मागे लिहिलेल्या पत्त्यासारखं आहे, कोणीही काहीही लिहू शकतं. मी तुमच्या नावाने तुमच्या पीसीला लिहिलं, 'अमुकचं पॅन आणि आधार पाठव', तर तो मला पाठवेल का?


जमाखर्च | ६ जुलै, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. शंकेखोर, तुमचं पहिलं म्हणणं टोचलं, कारण ते खरं होतं. मला ते माहीत होतं आणि मी ते प्रश्नात गुळमुळीत ठेवलं होतं.

फायरवॉल सांभाळणाऱ्या त्या मुलाला फोन केला. मुलगाच आहे, सत्तावीस-अठ्ठावीसचा. मला वाटलं होतं झटकून टाकेल. तो म्हणाला, "मॅडम, मेल तर तसंही चालू आहे. पण एकच फोल्डर, फक्त वाचायचा, पीसीवर बाहेरून काही लिहिलं जाता कामा नये, आणि मला एक ओळ लेखी पाठवा." पाठवली. ९९३ आणि ५८७ माझ्या पीसीपुरते चालू आहेत हेही त्यानेच बघून सांगितलं.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आहे का कोणाकडे? भाचा हिंजवडीत आहे, त्याला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतात, रविवारी बसतो म्हणालाय.


उरलेला स्वल्पविराम | ६ जुलै, रात्री ८:४८

उत्तर आहे, आणि ते ओळख पटवण्यात नाही. पाठवणारा कोण हे तपासा जरूर (मेल खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून आलं का, याच्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन तपासण्यांचा निकाल जीमेल आलेल्या मेलच्या माथ्यावर लिहून ठेवतं, तो वाचता येतो), पण भिस्त त्यावर ठेवू नका. भाच्याला सांगा, उत्तर 'ज्याने मागितलं त्याला' पाठवायचंच नाही. तुमचा एकच पत्ता प्रोग्रॅममध्ये पक्का लिहायचा, फाइल नेहमी तिथेच. मग शंकेखोरांनी तुमच्या नावाने शंभर चिठ्ठ्या लिहिल्या तरी शंभर फाइली तुमच्याच पेटीत पडतील. त्रास होईल, चोरी नाही होणार. अर्थात तुमच्या त्या पेटीला दोन पायऱ्यांचं कुलूप हवं, नाहीतर सगळं फुकट.

भाच्यासाठी थोडं. यासाठी वेगळं जीमेल खातं काढ, मावशीचं रोजचं वापरू नकोस. मे २०२२ अखेरपासून नुसत्या पासवर्डने प्रोग्रॅमला आत घेत नाहीत. टू-स्टेप चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घे. पायथनमध्ये वेगळं काही बसवायला लागत नाही, आयमॅपलिब, एसएमटीपीलिब आणि ईमेल ही तिन्ही सोबतच येतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये दर पाच मिनिटांनी लाव, आणि 'कोणी लॉगिन नसलं तरी चालव' हे निवड.

आणि हे महत्त्वाचं. विषयाच्या ओळीत आलेलं नाव तसंच्या तसं फोल्डरच्या मार्गाला चिकटवू नकोस. कोणी नावाऐवजी दोन टिंबं आणि तिरकी रेघ लिहिली तर प्रोग्रॅम 'अशील'मधून एक पायरी वर चढतो, चार वेळा लिहिली की थेट ड्राइव्हच्या मुळाशी. आधी यादी बनव, यादीत असेल तेच दे, नसेल तर गप्प बस. 'सापडलं नाही' असंही बाहेरच्याला सांगू नकोस.

पीडीएफला पाठवताना पासवर्ड घालायला क्यूपीडीएफ हा प्रोग्रॅम वापर. या वेगळ्या खात्यातल्या 'पाठवलेले'मधल्या प्रती रोज रात्री पूस, नाहीतर महिन्याभरात तिथेच दुसरं 'अशील' तयार होईल, जे मावशींना नकोच होतं.


जमाखर्च | २८ जुलै, रात्री ११:०५

उशीर झाला लिहायला, पण ३१ जवळ आली की माझं कसं होतं ते तुम्ही समजून घ्याल.

चाललं. दोन रविवार लागले. आता जे झालं ते सगळं सांगते, कारण यातलं निम्मं कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी मी विषयात लिहिलं, 'कऱ्हाडकर फॉर्म १६'. काही नाही. पुन्हा लिहिलं, काही नाही. भाच्याने पुण्याहून बघितलं, म्हणाला, "मावशी, मागणी पोचली आहे, पण या नावाचा फोल्डर नाही." अरे, चौदा वर्षं आहे! मग त्याने दोन्ही नावं अक्षर अक्षर सोडवून मला पाठवली. सहायकेने पीसीवर ऱ्ह लिहिला होता तो नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन. माझ्या फोनच्या कीबोर्डने लिहिला होता साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडकर डिट्टो सारखे. आत पाहिलं तर दोन वेगळी माणसं. बऱ्हाणपूरकर, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळ्यांचं तेच. माझ्या अशिलांत हे आडवं र एवढं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

भाचा म्हणाला, दोन्ही प्रकार एक करून घेतो. मी म्हटलं, नको. माझ्याकडे खातेवहीचे क्रमांक आहेत, सासरे करत तेव्हापासूनचे. कऱ्हाडकर ३१२. तेव्हापासून विषय असा: '३१२ फ१६'. त्यात एक गंमत झाली. माझा कीबोर्ड आकडे मराठीत उमटवतो, प्रोग्रॅमला ते कळणार नाहीत म्हणून मी आधीच वैतागले होते. तर पायथनला ३१२ मराठीत दिलं तरी तो तीनशे बाराच समजतो, काही सांगावं लागत नाही. मला फार बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

दुसरा प्रसंग १७ तारखेच्या रात्रीचा. एका अशिलाचं घराच्या खरेदीखताचं स्कॅन मागवलं. साडेनऊला उत्तर आलं, "मागणी मिळाली, शोधतो आहे." हे वाक्य माझ्याच आग्रहाने घातलं होतं, म्हणजे मला इथे बसून कळावं की पोचलं. झोपले. सकाळी सहाला फोन खिडकीत ठेवला आणि तो गुरगुरत राहिला. "मागणी मिळाली, शोधतो आहे." "मागणी मिळाली, शोधतो आहे." मोजले, १०२. स्कॅन होतं ३२ एमबीचं. मॉडेमकाकांनी १८ म्हटलेलं मी वाचलं होतं, भाच्याला सांगायचं राहिलं. पोच पाठवायची, फाइल जोडायची, जीमेलने नको म्हटलं की प्रोग्रॅम तिथेच आडवा, आणि चिठ्ठीवर 'वाचली' अशी खूण शेवटी होत असल्यामुळे पाच मिनिटांनी तीच चिठ्ठी पुन्हा नवी. आता खूण आधी होते, आणि १८ च्या वरची फाइल असेल तर "मोठी आहे, सहायकेला सांगा" असं एकदाच येतं. खरेदीखत सहायकेने काळ्या-पांढऱ्यात पुन्हा स्कॅन केलं, ३ एमबी झालं. स्टॅम्पपेपरचा रंग कोणाला हवा होता?

शंकेखोर, तुमच्यासाठी. एकदा खरंच अनोळखी पत्त्यावरून त्या खात्यावर मेल आलं. लॉटरीचं होतं. पीसी गप्प बसला.

एवढ्यात ७१ फाइली मागवल्या. पैकी आठ-नऊ वेळा क्रमांक मीच चुकवला आणि भलत्याचं पॅनकार्ड माझ्याकडे आलं. ते पुसलं. पत्ता पक्का करून ठेवल्याचा उपयोग तेव्हा कळला, अशिलाला परस्पर पाठवायची सोय मी भाच्याकडे मागणार होते, ती आता मागणार नाही.

शेवटचं. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. यूपीएस वीस मिनिटं टिकतो, मग पीसी बंद, आणि दुपारी वीज आली तरी बटण दाबायला कोणीतरी लागायचं. फायरवॉलवाल्या मुलाने बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळच्या सेटिंगमध्ये, जाऊन वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं करून दिलं. (त्याला आमसुलं आणि कोकम आगळ नेणार आहे.) परवाच्या गुरुवारी सकाळी ९:५० ला मी १८८ चं पासबुक मागितलं, मागाहून आणखी चार क्रमांक टाकले, मग आईला चालवायला अंगणात नेलं, पाऊस आला, आत आणलं, जेवणं झाली. पाचही फाइली ३:०४ ला एकदम आल्या. पेठेत वीज आली हे मला पडवीत कळलं. सहायकेचा फोन त्यानंतर आला.